ईएसआय कार्डावर फिजिओथेरपी

थेट खासगी फिजिओथेरपिस्ट गाठू नका. ते बिल सहसा स्वतःच्याच खिशातून जातं. आधी कार्डावर नोंदलेल्या ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) दवाखान्यात जा. सोबत 10 अंकी विमा क्रमांक, आधार आणि एक्स-रे न्या.

डॉक्टरांची फिजिओथेरपीला पाठवणारी रेफरल चिठ्ठी हातात पडली की तिथेच उभं राहून वाचा. नुसतं ‘गुडघेदुखी’ पुरत नाही. उजवा की डावा, किती सिटिंग, शिक्का, तारीख, सगळं हवं. चिठ्ठी मोघम असली की पुन्हा हेलपाटा पडतो, आणि दुखऱ्या पायाने तो फार जड जातो.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या भरवशावर राहू नका, ती मुख्यतः भरती रुग्णांसाठी आहे. ईएसआय कार्ड नसेल तर जिल्हा रुग्णालयात विचारा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत.