गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला मध : या चुका टाळा

डॉक्टरी सामान गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारं 'आयसोमेड' केंद्र ट्रॉम्बेला १९७४ मध्ये सुरू झालं. तरी मधाला किरणं दिली म्हटलं की मुंबईकर आजही बिचकतात. मध किरणोत्सारी होत नाही. ही किरणं ज्या किरणोत्सारी धातूतून येतात, त्या कोबाल्ट-६०च्या किरणांत तेवढी ऊर्जाच नसते आणि बाटली कोबाल्टला शिवतही नाही.

मोठी चूक वेगळीच आहे : 'त्यापेक्षा घरीच उकळून घेऊ.' कृपा करून असं करू नका. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि घरच्या उकळण्याने ते मरत नाहीत. मरतात ती मधातली विकरं (एन्झाइम्स). जंतुनाशक हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करणारं विकर उष्णतेने निकामी होतं, साखर तापल्यावर तयार होणारं एचएमएफ हे रसायन वाढतं, वासही जातो. जखमेवरच्या मधाला साधारण २५ किलोग्रे (किलोग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) मात्रा देतात. तिने बीजाणू मरतात, पण मध तापत नाही आणि त्याची जंतुनाशक ताकद टिकते. डायस्टेस हे मधातलं दुसरं विकर मात्र थोडं घटू शकतं.

बरणी तपकिरी झाली म्हणून मध जळाला असं समजू नका. गॅमा किरणांनी साधी काचच काळवंडते. चमचाभर मध पांढऱ्या बशीत काढा आणि खिडकीपाशी नेऊन रंग बघा. विक्रेत्यांनी आधी दोन-चार बरण्यांवर चाचणी करून घ्यावी. काही प्लॅस्टिकची झाकणं किरणांनी ठिसूळ होऊन तडकतात.

पावसाळ्यात फेस आला, आंबूस वास सुटला, तर दोष किरणांना देऊ नका. झाकण उघडलं की निर्जंतुकपणा संपला. मुंबईची दमट हवा मध ओढून घेतो, आणि पाणी २० टक्क्यांच्या वर गेलं की यीस्टचं फावतं. ओला चमचा तर बुडवूच नका. मध साखरेसारखा गोठला तर ते ग्लुकोजचे स्फटिक असतात. बरणी कोमट पाण्यात ठेवा.

किरणांनी भेसळ जात नाही. साखरेचा पाक घातलेला मध निर्जंतुक झाला तरी पाकाचाच राहतो.

घरातला मध जखमेवर लावू नका, मधुमेह्यांनी तर मुळीच नाही. त्यासाठी वैद्यकीय मध वेगळा मिळतो आणि तोही डॉक्टरांना विचारूनच वापरावा. आणि बारशाला आजीने कितीही आग्रह केला तरी वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, मग बरणीवर काहीही लिहिलेलं असो.