सोसायटीत भोंडला करायचाय? असा करा

नवरात्र जवळ आलं की सोसायटीच्या ग्रुपवर गरब्याचं प्लॅनिंग सुरू होतं, ते होऊ देच, पण त्यातली एक संध्याकाळ भोंडल्यासाठी मागून घ्या. शनिवार-रविवार, पाच-साडेपाचची वेळ बरी, म्हणजे लहान मुलीही येतात.

आधी गाणी येणाऱ्या आज्या, काकू शोधा, बाकी सगळं नंतर. प्रत्येक बिल्डिंगमध्ये अशी एखादी आजी असतेच जिला ढीगभर गाणी तोंडपाठ असतात पण कोणी कधी विचारलेलंच नसतं. घरी जाऊन मोबाईलवर रेकॉर्ड करा, शब्द लिहून काढा आणि झेरॉक्स वाटा. एकच गाणं कोकणात वेगळं, देशावर वेगळं म्हणतात, त्यावरून वाद घालू नका, दोन्ही म्हणा. विदर्भ-खानदेशातल्या कोणी असतील तर भुलाबाईची, म्हणजे तिकडच्या भोंडल्याची, गाणीही घ्या, तिकडे भुलाबाई कोजागिरीपर्यंत असते. आणि प्लीज, स्पीकरवर तयार गाणी लावू नका, मग कोणी तोंडच उघडत नाही.

जागा पार्किंग किंवा गच्ची. मधोमध पाट ठेवा, त्यावर रांगोळीने नाहीतर तांदळाने हत्ती काढायचा, तो हस्त नक्षत्राचा, पावसाचा हत्ती. मुलींनाच काढू दे, वाकडा आला तरी चालतो. हळदकुंकू, फुलं वाहा. हळदकुंकू सगळ्यांना लावा, नवरा गेलेल्या काकूंनाही, आणि घरकामाला येणाऱ्या ताईंनाही फेरात घ्या. देवीच्या सणात कोणाला बाजूला बसवायचं हे मला अजिबात पटत नाही.

फेर धरताना गर्दी असेल तर दोन गोल करा, आत मुली, बाहेर मोठ्या. पाठ असलेल्या दोघी-तिघी समोरासमोर उभ्या करा, म्हणजे सूर तुटत नाही. पहिलं गाणं गणपतीचं.

खिरापत प्रत्येक घरातून एक, बंद डब्यात, काय आणलंय ते ग्रुपवर सांगायचं नाही. डबा हलवून आवाजावरून ओळखायचं, चिवडा लगेच कळतो, शिऱ्याचा आवाजच येत नाही त्यामुळे तिथे गोड की तिखट एवढा क्लू द्या. खूप जणींचे उपास असतात, म्हणून राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की असं दोन-तीन घरांना आधीच सांगून ठेवा. आणि डब्यांवर नावं लिहा, नाहीतर झाकणं आठवडाभर फिरत राहतात.