सॉफ्टवेअरचं नाव कानावर विसंबून टाइप करताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात गुहागरकडच्या एका होमस्टेवाल्या काकांचा फोन आला, "अरे तू सांगितलंस ते लिबर ऑफिस टाकलं, पण ते पैसे मागतंय." आता लिब्रे ऑफिस, म्हणजे पत्रं-हिशेब करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, ते पैसे कशाला मागेल, म्हणून स्क्रीनचा फोटो मागवला तर भलताच कसला तरी पीडीएफ कन्व्हर्टर बसलेला, वर कार्ड नंबर टाका म्हणून खिडकी उघडलेली. काकांनी सर्च करताना शेवटी आर-ई ऐवजी ई-आर टाइप केलं होतं आणि वरची जाहिरात होती तिच्यावर क्लिक केलं. नशीब कार्ड नंबर दिला नव्हता. पण नाव मी त्यांना फोनवर तोंडी सांगितलं होतं, लिहून पाठवलं नव्हतं, म्हणजे चुकीची सुरुवात माझ्याकडूनच झाली ना.

रत्नागिरीत ओळखीतल्या लोकांचे कंप्युटर नीट करून देताना हे इतक्या वेळा बघितलंय की आता वाटतं, याला आळशीपणा म्हणणं बरोबर नाही. आपण सॉफ्टवेअरचं नाव आधी ऐकतो, कोणीतरी सांगतं किंवा व्हिडिओत कानावर पडतं, मग ते डोक्यात देवनागरीत बसतं आणि बोटं त्याचं परत इंग्रजी स्पेलिंग बनवतात. मराठीत जसं बोलतो तसंच बऱ्यापैकी लिहितो त्यामुळे ती सवय इथेही चालते, पण ही नावं कुठून कुठून आलेली असतात. लिब्रे म्हणजे फ्रेंच-स्पॅनिशमध्ये मुक्त. उबंटू (विंडोजऐवजी वापरतात ती एक लिनक्स सिस्टीम) हा आफ्रिकेतल्या भाषांमधला शब्द. मायएसक्यूएल या माहिती साठवायच्या सॉफ्टवेअरमधलं 'माय' म्हणजे इंग्रजीतलं 'माझं' नव्हे, ते बनवणाऱ्याच्या मुलीचं नाव आहे, आणि पुढे त्याच माणसाचं, त्याच कामाचं मारियाडीबी आलं ते धाकट्या मुलीच्या नावावरून. एकदा नाव कुठून आलं ते कळलं की स्पेलिंग सहसा विसरत नाही, माझा तरी असाच अनुभव आहे.

आणि एका अक्षराने काय होतं हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दाभोळ खाडीच्या तोंडाशी दापोली तालुक्यात, आणि दाभोळे कोल्हापूरच्या रस्त्यावर संगमेश्वर तालुक्यात. गणपतीपुळे रत्नागिरीच्या उत्तरेला, गणेशगुळे दक्षिणेला पावसजवळ. पाहुण्यांना पत्ता देताना आपण हे दोन-दोनदा सांगतो, मग सॉफ्टवेअरच्या नावाला तेवढी काळजी का नाही घेत?

कारण इथे नुसतं वाट चुकण्यावर भागत नाही. 2017 मध्ये एनपीएम वर, म्हणजे जावास्क्रिप्ट भाषेत प्रोग्रॅम लिहिणारे जिथून पॅकेज (तयार कोडचे गठ्ठे) घेतात तिथे, 'क्रॉस-एन्व्ह' नावाच्या चांगल्या पॅकेजच्या मधली आडवी रेघ काढून कोणीतरी 'क्रॉसएन्व्ह' टाकून ठेवलं होतं. ज्यांनी घाईत रेघ न देता टाइप केलं त्यांच्या कंप्युटरच्या सेटिंगमधल्या पासवर्ड-किल्ल्या ते गुपचूप बाहेर पाठवायचं. पेटीवर देवगड छापलं म्हणून आतला आंबा देवगडचा होत नाही, आपण फळ हातात घेऊन वास बघतो, तसंच डाउनलोड करण्याआधी वरचा पत्ता पूर्ण वाचा, 'जाहिरात' लिहिलेली लिंक सोडून द्या. चुकून काही बसलंच असेल तर नेट बंद करा, ते अनइन्स्टॉल करा, पूर्ण स्कॅन करा आणि महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.

अजून एक घोळ इंजिनिअरिंगची पोरं हमखास करतात. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत कोड लिहिताना मशीन लर्निंगच्या एका पॅकेजसाठी 'एसकेलर्न' असं लिहायचं असतं पण इन्स्टॉल करायच्या पॅकेजचं नाव 'सायकिट-लर्न' आहे, तसंच फोटोंवर काम करायच्या पॅकेजचं, कोडमध्ये पीआयएल आणि इन्स्टॉल करताना 'पिलो'. एक मुलगा दोन दिवस एसकेलर्न एसकेलर्न करून इन्स्टॉल मारत बसला होता, पायथन तीनदा काढून परत टाकला, आणि स्क्रीनवर प्रत्येक वेळी लिहून येत होतं की बाबा सायकिट-लर्न वापर. त्याने लाल अक्षरं बघितली होती, वाचली नव्हती. पायथनचा एरर खालून वर वाचायचा असतो, शेवटच्या ओळीत नेमकं काय बिघडलं ते असतं.

न वाचण्याचं कारण फार जुनं आहे. माणसं कंप्युटर कसा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन या दोघांनी 1987 मध्येच लिहून ठेवलंय की माणसाला हातातलं काम उरकायचं असतं म्हणून तो मॅन्युअल न उघडता थेट वापरायला लागतो, वाचलं असतं तर पुढे वेळ वाचला असता तरीही. त्यात आपल्याकडे ते सगळं इंग्रजीत, पानंच्या पानं, आणि लिहिणाऱ्याने धरूनच चाललेलं असतं की वाचणाऱ्याला अर्धं माहितीये. त्यामुळे अख्खं वाचा असं मी कोणाला सांगत नाही. इन्स्टॉल कसं करायचं ते पान, तुमच्या विंडोजला किंवा लिनक्सला चालतं का ती एक ओळ, आणि नेहमीच्या अडचणींचा भाग, एवढं वाचा, पंधरा-वीस मिनिटांचं काम. आंब्याला कल्टार (मोहोरासाठीचं औषध) घालताना झाडाचा पसारा मोजून डोस ठरवतो ना आपण, अंदाजे ओतत नाही, तेवढंच लक्ष इथे द्या.

आपण वाचतोय ते त्याच सॉफ्टवेअरचं आहे का हेही बघा. लिब्रे ऑफिस 2010 मध्ये ओपन ऑफिसमधून वेगळं झालं, मेनू सारखेच दिसतात, आणि लोक एकाचं वाचून दुसऱ्यात बटण शोधत बसतात. हेल्प मेनूत अबाउट उघडलं की नाव आणि व्हर्जन दोन्ही मिळतं. मदत मागतानाही तेच कॉपी करून पाठवा, एररची ओळ पण जशीच्या तशी. "मराठी फॉन्ट चालत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही, कृतीदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली फाइल उघडताय की युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालतं त्या पद्धतीने, टाइप करताय यावर उपाय पूर्ण बदलतो.

आणि जून लागायच्या आधी एक काम करा. लिब्रे ऑफिसमध्ये एफ-वन दाबलं की मदत उघडते, पण विंडोजवर ती नेटवरून येते, ऑफलाइन हेल्प डाउनलोडच्या पानावर वेगळी असते आणि ती आपण घ्यावी लागते. आपल्याकडे वादळात टॉवर गेला की दोन-दोन दिवस रेंज नसते. काकांकडे परत सगळं बसवून दिलं तेव्हा ती पण टाकली, आणि एका कागदावर नावाचं स्पेलिंग मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं.