चिपाडाचा कोळसा, हळदीचा पिवळा रंग आणि एमएस्सीचा प्रकल्प

सांगली-साताऱ्याकडच्या महाविद्यालयांत एमएस्सीच्या प्रकल्पांचे विषय ठरायला लागले की तीन नावं हमखास पुढे येतात. उसाच्या चिपाडापासून सुपरकपॅसिटरसाठी (झटपट चार्ज होणाऱ्या वीजसाठवणीच्या घटकासाठी) कार्बन, हळदीतल्या कुरक्युमिनची पेशींवर किंवा जिवाणूंवर चाचणी, आणि उसाचं ऊतिसंवर्धन, म्हणजे छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणं. कच्चा माल दारात आहे आणि तिन्ही विषयांवर जगभर इतकं छापून येतं की वाचायला कमी पडत नाही. घसरण्याची जागा मात्र तिन्हीकडे एकच. विद्यार्थी नमुना मोजतो, ब्लँक (नमुना वगळून बाकी सगळं तसंच ठेवून केलेली मोजणी) मोजत नाही. मग तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमकं तेच विचारतात.

चिपाडापासून सुरुवात करू, कारण त्यात चुकायला सगळ्यात जास्त वाव आहे.

रसवंतीवरचं चिपाड घेऊ नका. त्यात आल्याचे आणि लिंबाचे तुकडे असतात आणि साखरही बरीच उरलेली असते. गुऱ्हाळातलं चालेल, साखर कारखान्यातलं बगॅस उत्तम. विभागप्रमुखांचं पत्र नेलं तर पोतंभर सहज मिळतं. कारखान्याच्या बगॅसमध्ये निम्मं वजन पाण्याचंच असतं, त्यामुळे ओल्या वजनावर कुठलाही हिशेब करू नये. गरम पाण्याने तीन-चार वेळा धुऊन साखर काढायची, ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर रात्रभर वाळवायचं, मिक्सरमधून काढून चाळायचं आणि मग वजन घ्यायचं. उतारा काढताना हेच कोरडं वजन धरायचं.

पहिली भाजणी ट्यूब फर्नेसमध्ये (नळीच्या भट्टीत), नायट्रोजनमध्ये ४०० ते ५०० अंशांवर २ तास, तापमान मिनिटाला ५ अंशांनी चढवत. ५० ग्रॅम कोरड्या चिपाडातून साधारण १२ ते १५ ग्रॅम कोळसा मिळतो. फारच कमी मिळाला आणि वर राखाडी थर दिसला, तर नळीत हवा शिरली आहे. टोकाचे रबरी ओ-रिंग आधी तपासा, नायट्रोजनच्या सिलिंडरला दोष नंतर द्या. भट्टी सुरू करण्यापूर्वी अर्धा तास नायट्रोजन सोडून नळीतली हवा घालवायची, हा टप्पा घाईत सर्रास गाळला जातो.

मग सक्रियीकरण, म्हणजे कोळशाला बारीक छिद्रं पाडणं. कोळसा १ भाग, पोटॅशियम हायड्रॉक्साइड ३ भाग, वजनाने. ५ ग्रॅम कोळशाला १५ ग्रॅम. थोड्या पाण्यात कालवून ११० अंशांवर वाळवायचं आणि नायट्रोजनमध्येच ७०० ते ८०० अंशांवर १ तास ठेवायचं. इथे भांडं, म्हणजे होडीच्या आकाराची छोटी 'बोट', महत्त्वाचं. चिनीमातीची किंवा अ‍ॅल्युमिनाची बोट वितळलेला अल्कली खातो आणि तुमच्या कार्बनमध्ये अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन येऊन बसतं. निकेलची बोट घ्या. ती अर्धीच भरा, कारण हायड्रॉक्साइड साधारण ३६० अंशांना वितळतो आणि मिश्रण फेसाळून वर येतं. बोट काठोकाठ भरली तर फेस क्वार्ट्झच्या नळीवर सांडतो, आणि ती नळी महाग असते.

या तापमानाला कार्बन आणि हायड्रॉक्साइडच्या अभिक्रियेतून हायड्रोजन, पोटॅशियम कार्बोनेट आणि चक्क धातुरूप पोटॅशियम तयार होतं. म्हणून बाहेर पडणारा वायू धूरकपाटात (फ्यूम हूडमध्ये) सोडायचा, भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत नायट्रोजन चालू ठेवायचा आणि बोट कोमट असताना उघडायची नाही. पहिलं पाणी धूरकपाटात, चष्मा लावून, ड्रॉपरने थेंब थेंब घालायचं. अ‍ॅसिटोन आणि अल्कोहोलच्या बाटल्या तोवर दुसऱ्या टेबलावर. ठिणगी दिसली तर त्यात नवल काही नाही, तयारी नसेल तर मात्र धोका आहे.

नायट्रोजनची ट्यूब फर्नेस नसेल तर हा टप्पा साध्या मफल भट्टीत करायचा प्रयत्न करू नका. झाकणबंद क्रुसिबल दुसऱ्या मोठ्या क्रुसिबलमध्ये लोणारी कोळशाच्या भुकटीत पुरून पहिली भाजणी कशीबशी निभावते. हायड्रॉक्साइडचं सक्रियीकरण निभावत नाही.

धुण्याचा क्रम सहसा उलटा होतो. लोक थेट हायड्रोक्लोरिक आम्ल ओततात. उसात सिलिका असते, ती अल्कलीत विरघळून पोटॅशियम सिलिकेट झालेली असते. तिच्यावर थेट आम्ल पडलं की सिलिका परत साका धरते आणि छिद्रांत अडकते. म्हणून आधी पाण्याने दोन-तीनदा धुऊन अल्कली काढायचा, मग १ मोलर आम्लात दोन तास ढवळायचं, मग गरम डिस्टिल्ड पाण्याने धुवत राहायचं. पीएच ७ आला म्हणजे झालं असं नाही. गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. पाणी दुधाळ झालं तर क्लोराइड अजून आहे. नीट न धुतलेल्या कार्बनची खूण इलेक्ट्रोड करतानाही दिसते: अल्कली उरला असेल तर पीव्हीडीएफ बाइंडरची (पूड चिकटवून धरणाऱ्या पॉलिमरची) स्लरी गडद होऊन जेलीसारखी थिजते. ५ ग्रॅम कोळशातून शेवटी २ ते ३ ग्रॅम काळी, हलकी पूड हाती आली की ठीक. ५ ग्रॅमच्या आसपास आली तर आनंद मानू नका, ते मीठ आहे.

इलेक्ट्रोडचं प्रमाण ठरलेलं आहे: ८० भाग कार्बन, १० भाग कार्बन ब्लॅक (वीज वाहून नेणारी काजळी), १० भाग पीव्हीडीएफ, आणि पातळ करायला एनएमपी या द्रावकाचे थेंब. निकेल फोमचा (निकेलच्या स्पंजसारख्या जाळीचा) तुकडा ३ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १० मिनिटं सोनिकेट करून, पाणी आणि अ‍ॅसिटोनने धुऊन, वाळवून, वजन करून ठेवायचा. स्लरी १ चौरस सेंटिमीटरवर लावायची आणि ८० अंशांवर व्हॅक्यूममध्ये १२ तास वाळवायची. एनएमपीचा उत्कलनबिंदू २०० अंशांच्या वर आहे, तो दोन तासांत जात नाही. राहिला तर तुम्ही त्याचंच वजन कार्बन म्हणून धरता.

आता खरा प्रश्न वजनाचा. समजा तुकड्यावर २ मिलिग्रॅम साहित्य बसलं. महाविद्यालयातला वजनकाटा चार दशांशी, म्हणजे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा. वजन दोनदा घेतलं, आधी आणि नंतर, त्यामुळे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमची चूक गृहीतच आहे: ५ ते १० टक्के. लेप अर्ध्या मिलिग्रॅमचा असेल तर तीच चूक २० ते ४० टक्क्यांवर जाते, आणि गंमत अशी की सगळ्यात देखणे आकडे अशाच पातळ लेपांतून निघतात. पाच दशांशी काटा शेजारच्या फार्मसी महाविद्यालयात असतो, विनंती करून वापरा. सच्छिद्र कार्बन हवेतली ओल ओढतो, त्यामुळे साताऱ्याच्या जुलैत काट्यावर ठेवलेला तुकडा डोळ्यांदेखत जड होत जातो. डेसिकेटरमधून काढल्यावर ठरावीक वेळात, समजा ३० सेकंदांत, वाचन घ्यायचा नियम करा. ओल्या हवेत एनएमपीही पाणी ओढतो आणि बाइंडर साका धरतो, म्हणून पावसाळ्यात स्लरी झाकूनच ढवळा.

आणि ब्लँक. तसाच धुतलेला, तसाच तापवलेला, फक्त बाइंडर लावलेला फोमचा तुकडा तयार करून त्याची मोजणी आधी करा. निकेलच्या पृष्ठावर हायड्रॉक्साइडचा थर असतोच. धन बाजूच्या खिडकीत (व्होल्टेजच्या पट्ट्यात), ० ते ०.५ व्होल्टच्या दरम्यान, तो स्वतःची ऑक्सिडीकरण-क्षपणाची शिखरं दाखवतो आणि विद्यार्थी ती आपल्या साहित्याच्या नावावर जमा करतो. कार्बनसाठी ६ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, मर्क्युरी-मर्क्युरी ऑक्साइड संदर्भ इलेक्ट्रोड वापरून, उणे १ ते ० व्होल्ट ही खिडकी घ्या. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इतक्या तीव्र अल्कलीत बिघडतो. आणि सल्फ्युरिक आम्लात काम करायचं असेल तर निकेल फोम विसरा, तो विरघळतो. ग्राफाइट शीट घ्या.

सायक्लिक व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज पुढे-मागे फिरवत प्रवाह मोजणं) ५ ते १०० मिलिव्होल्ट प्रतिसेकंद वेगांनी. आकृती चौकोनी आली पाहिजे. वेग वाढवल्यावर ती तिरकी होऊन पानासारखी झाली तर रोध जास्त आहे: लेप जाड आहे, कार्बन ब्लॅक नीट मिसळलेला नाही किंवा क्लिप गंजली आहे. क्लिप आधी बघा, फुकटात दुरुस्त होते. उणे १ व्होल्टजवळ शेपटी निघाली तर हायड्रोजन सुटतोय, खिडकी आखूड करा.

धारिता काढायची ती चार्ज-डिस्चार्जवरून: प्रवाह गुणिले डिस्चार्जचा वेळ, भागिले वस्तुमान गुणिले व्होल्टेज. वस्तुमान कुठलं घेतलं, फक्त सक्रिय कार्बनचं की अख्ख्या लेपाचं, ते लिहा. सक्रिय कार्बन २ मिलिग्रॅम, प्रवाह २ मिलिअँपिअर, वेळ १८० सेकंद, खिडकी १ व्होल्ट, तर १८० फॅरड प्रतिग्रॅम. डिस्चार्जच्या सुरुवातीलाच रोधामुळे व्होल्टेज एकदम उभं पडतं, ती घट व्होल्टेजमधून वजा करायची.

पुढची गफलत ऊर्जेच्या आकड्यात. दोन सारखे इलेक्ट्रोड जोडून सेल केला की सेलची धारिता, एकूण वस्तुमानावर, एका इलेक्ट्रोडच्या पाव पट होते: १८०ची ४५. १ व्होल्टला ऊर्जा येते ६.२५ वॉट-तास प्रतिकिलो. सूत्रात ४५ऐवजी १८० घातले की २५ येतात. असे चौपट फुगलेले आकडे प्रबंधांत विपुल आहेत, तुमचा त्यात नको. बाजारातल्या लिथियम-आयन सेलशी तुलना तर करूच नका. तिथे केसिंगसकट अख्ख्या सेलचं वजन धरलेलं असतं आणि आकडा १५० ते २५०च्या घरात असतो.

हळदीचं थोडक्यात. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात ते असतं. ते असू द्या, पण नमुना म्हणून दुकानातली पूड घेऊ नका. भेसळीचा रंग असेल तर तुमची चाचणी त्या रंगाची होते. यार्डातून अख्खं हळकुंड आणा, स्वतः दळा, जात आणि हंगाम लिहून ठेवा. विकतचं कुरक्युमिनही बहुतेक वेळा तीन कुरक्युमिनॉइडांचं मिश्रण असतं, शुद्धतेचा आकडा बाटलीवर वाचा.

रेणुभार ३६८.४. म्हणजे १० मिलिमोलर साठा करायला १ मिलिलिटर डीएमएसओ या द्रावकात ३.६८ मिलिग्रॅम. तो हजारपट विरळ केला की १० मायक्रोमोलर आणि डीएमएसओ ०.१ टक्का, इथवर पेशींना त्रास नाही. पण १०० मायक्रोमोलर हवं म्हणून शंभरपटच विरळ केलं तर डीएमएसओ १ टक्का होतो, आणि मग पेशी कुणी मारल्या हा वाद उरतो. शिवाय कुरक्युमिन ७.४ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये, ३७ अंशांवर, सीरम नसेल तर अर्ध्या तासात जवळजवळ संपतं. सकाळी बफरमध्ये केलेलं द्रावण दुपारी वापरलं की तुम्ही त्याच्या तुकड्यांची चाचणी करताय.

एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी एमटीटीचा जांभळा रंग करतात, तो मोजतात) तर ब्लँकवाचून काही बोलूच नये. कुरक्युमिनचं शोषण शिखर ४२५ नॅनोमीटरजवळ आहे, आपण वाचतो ५७० जवळ, तरी दाट द्रावणाची गढूळ छटा वाचनात घुसते. वनस्पतींतली कित्येक पॉलिफेनॉल पेशींशिवायच एमटीटीचा जांभळा रंग करतात. म्हणून प्लेटवर प्रत्येक तीव्रतेला तीन विहिरी (प्लेटवरचे खळगे) पेशींविना ठेवा: माध्यम, कुरक्युमिन, एमटीटी. जिवाणूंसाठी आगर वेल पद्धत (आगरमध्ये खळगा पाडून त्यात द्रावण घालायचं आणि भोवती जिवाणू न वाढलेला झोन मोजायचा) या रेणूला गैरसोयीची आहे. तो पाण्यात विरघळत नाही, आगरमध्ये पसरत नाही, त्यामुळे छोटा झोन म्हणजे परिणाम नाही असं सिद्ध होत नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात पायरीपायरीने विरळ करून तपासणं) करा, आणि पिवळेपणामुळे गढूळपणा कळत नसेल तर विहिरीतलं प्लेटवर टाकून वाढ बघा.

ऊतिसंवर्धन करणाऱ्यांचं एक बरं आहे, सातारा जिल्ह्यातच फलटण तालुक्यात पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र आहे. जातिवंत बेणं तिथून मागता येतं. शेंड्याचा भाग घ्या. बाहेरची पानं सोलून ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइडमध्ये ५ ते ८ मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने चार वेळा. ते पारायुक्त पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या कॅनमध्ये साठवायचं. एमएस (मुराशिगे-स्कूग) माध्यमात साखर ३० ग्रॅम आणि आगर ८ ग्रॅम प्रतिलिटर, पीएच ५.८, तोही आगर घालण्यापूर्वी लावलेला. १२१ अंश, १५ पौंड, २० मिनिटं. ऑटोक्लेव्हनंतर पीएच थोडा उतरतो. आधीच कमी लावला असेल तर आगर धरत नाही, डळमळीत राहतो. मध्येच वीज गेली तर वेळ पुढे मोजू नका, दाब परत आल्यावर २० मिनिटं पहिल्यापासून.

ऊस कापल्यावर फेनॉल सोडतो आणि माध्यम तपकिरी होतं. अ‍ॅस्कॉर्बिक आणि सायट्रिक आम्ल प्रत्येकी १०० मिलिग्रॅम प्रतिलिटर घाला आणि पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन दिवसांनी तुकडा नव्या माध्यमावर हलवा. प्रत्येक खेपेला पाच बाटल्या ऊस न लावता आठवडाभर ठेवा. रिकाम्या बाटलीत बुरशी आली तर दोष ऑटोक्लेव्हचा किंवा ओतण्याचा. फक्त ऊस लावलेल्यांत आली तर दोष धुण्याचा. तीन-चार आठवड्यांनी बुडख्याभोवती दुधी वलय उमटलं तर जिवाणू उसाच्या आतच होते, तिथे मर्क्युरिक क्लोराइड वाढवून उपयोग नाही, दुसरं बेणं घ्या.

(कासच्या पठारावरून कंदीलपुष्प आणून संवर्धन करू, असा विषय दरवर्षी कुणीतरी काढतो. २०१२पासून हे पठार जागतिक वारसा स्थळांत आहे. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथलं पानही उचलू नये.)

वेळापत्रक बांधताना कोल्हापूरच्या फेऱ्या आधी लिहून घ्या. एक्सआरडी (क्ष-किरणांनी रचना तपासणं) आणि एसईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी) शिवाजी विद्यापीठ गाठावं लागतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांचेच नमुने रांगेत असतात. डिसेंबरात पाठवा. छिद्रांचं क्षेत्रफळ मोजायला १०० ते २०० मिलिग्रॅम कार्बन बाजूला ठेवा, इलेक्ट्रोड करण्यात सगळा संपवू नका. झिप पिशवी नको, पूड तिच्या कडांत अडकते. छोटी काचेची बाटली, पॅराफिल्म आणि बाटलीवरच, झाकणावर नव्हे, नमुन्याचा क्रमांक, तापमान आणि हायड्रॉक्साइडचं प्रमाण. बाटल्या उघडल्यावर झाकणं अदलाबदल होतात.