जास्वंदीचे फूल उलगडताना: फुलाची रचना हाताने कशी अभ्यासावी

अकरावीच्या जीवशास्त्रात सपुष्प वनस्पतींची रचना शिकताना बहुतेक विद्यार्थी आकृती पाठ करतात आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला समोर खरे फूल असतानाही पुस्तकातलीच आकृती वहीत उतरवतात. यावर उपाय एकच आहे: फूल बाहेरून आत, एकेक वलय सोडवत पाहावे आणि हातात जे दिसले तेवढेच काढावे. त्यासाठी जास्वंदीइतके सोयीचे फूल नाही, आणि बडोद्यातल्या मराठी घरांत ते गणपतीसाठी बहुधा कुंडीतच फुललेले असते. मात्र सयाजीबागेतील फुले तोडू नयेत. १८७९ पासूनची ती बाग निरीक्षणासाठी आहे.

इथली बरीच मुले विज्ञान गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात, म्हणून आधी शब्द जुळवून घ्यावेत. आपण ज्याला निदलपुंज, म्हणजे बाहेरच्या हिरव्या निदलांचे वलय, म्हणतो ते गुजरातीतील वज्रचक्र आणि इंग्रजीतील कॅलिक्स. दलपुंज, म्हणजे पाकळ्यांचे वलय, हे दलचक्र किंवा कोरोला. पुमंग, म्हणजे पराग देणाऱ्या पुंकेसरांचे नरवलय, हे पुंकेसरचक्र आणि जायांग, म्हणजे मधला मादी भाग, हे स्त्रीकेसरचक्र. ही चार वलये ज्या फुगीर देठाग्रावर बसलेली असतात, ते पुष्पासन.

फूल पाच पाकळ्यांचे, एकेरी घ्यावे. दुहेरी जास्वंदीत बरेचसे पुंकेसर पाकळ्यांसारखे झालेले असतात, त्यामुळे मोजणी चुकते. जास्वंद साधारणपणे एकच दिवस टिकते, म्हणून सकाळचे ताजे फूल आणि सोबत एक मोठी कळी घ्यावी. नवे ब्लेड, दोन सुया, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि पाण्याचे थेंब टाकलेली काचपट्टी, एवढे साहित्य पुरते.

देठाकडून सुरुवात केल्यावर प्रथम अरुंद हिरव्या छदकांचे, म्हणजे पानासारख्या लहान भागांचे, एक वलय दिसते. ती बहुधा पाच ते आठ असतात. यालाच निदलपुंज समजण्याची चूक फार जण करतात. खरा निदलपुंज त्याच्या आत असून त्याची पाच निदले खालच्या बाजूला जोडलेली आणि वर पाच टोकांत सुटी असतात. यानंतर कळी हातात घ्यावी, कारण पाकळ्यांची मांडणी उमललेल्या फुलापेक्षा कळीत अधिक स्वच्छ कळते: प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली असते, म्हणूनच कळी पिळल्यासारखी दिसते.

आता पाकळ्या हळूच ओढून पाहाव्यात. त्या एकेकट्या असल्या तरी तळाशी पुंकेसरांच्या नळीला चिकटलेल्या आढळतात. ही नळी या फुलाचे खरे वैशिष्ट्य आहे. असंख्य पुंकेसरांचे तंतू एकमेकांना जोडून ती बनते आणि तिच्या वरच्या भागावर मूत्रपिंडाच्या आकाराचे पिवळे परागकोश सुट्या दांड्यांवर उभे असतात. नळीच्या टोकातून बाहेर आलेले पाच मखमली गोळे पुमंगाचे नसून ती कुक्षी, म्हणजे पराग झेलणारे मादी टोक, आहे. नळी सुईने वरून खाली उभी चिरली की आतला पांढरा, दोऱ्यासारखा कुक्षीवृंत, म्हणजे कुक्षीचा दांडा, सुटा होतो आणि तो थेट तळाच्या फुगीर अंडाशयापर्यंत नेतो. येथे घाई करू नये; कुक्षीवृंत तुटला तर दुसरे फूल घ्यावे, अंदाजाने आकृती पूर्ण करू नये.

अंडाशयाचा आडवा, पातळ छेद घेऊन पाण्याच्या थेंबात ठेवावा. भिंगाखाली पाच कप्पे आणि मधल्या अक्षाला लागलेली पांढरी बीजांडे (पुढे यांच्याच बिया होतात) दिसतात. बीजांडांची ही मांडणी म्हणजे अक्षीय बीजांडविन्यास. कुक्षी पाच, कप्पे पाच, म्हणजे पाच अंडपे (जायांगाचे घटक) जुळून हे जायांग झालेले आहे.

अंडाशय वर की खाली, हा प्रश्न मुलांना सर्वांत अवघड जातो, आणि त्याचे उत्तर स्वयंपाकघरात मिळते. वांग्याची हिरवी टोपी म्हणजे टिकून राहिलेला निदलपुंज. ती देठाकडे असते आणि फळ तिच्या पुढे वाढते, म्हणजे फुलात अंडाशय निदलांच्या वर होता. हा ऊर्ध्वस्थ अंडाशय, जास्वंदीतही तोच. पेरूत निदलांचे वाळलेले अवशेष देठाच्या विरुद्ध टोकाला राहतात, कारण त्याचा अंडाशय निदलांच्या खाली, अधःस्थ होता. भोपळ्याच्या मादी फुलात पाकळ्यांखाली दिसणारा चिमुकला भोपळाही अधःस्थ अंडाशयच आहे.

तुलनेसाठी खंडेराव मार्केटमधून निशिगंधाची एकेरी फुले आणावीत. त्यांत निदले आणि पाकळ्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. तीन-तीनच्या दोन वलयांत सहा परिदले आणि सहा पुंकेसर असतात. तीनच्या पटीत भाग, ही एकदल वनस्पतींची खूण. जास्वंदीतील पाचाची मांडणी द्विदलांची. झेंडू मात्र सुरुवातीला घेऊ नये, कारण आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो आणि त्याची प्रत्येक ‘पाकळी’ स्वतंत्र पुष्पक असते. धोतरा विषारी असल्याने तो हाताळल्यास हात साबणाने धुवावेत.

शेवटी पुष्पसूत्र, म्हणजे फुलाची रचना अक्षरे आणि अंकांत मांडणारे सूत्र, लिहावे. जोडलेल्या भागांची संख्या कंसात, सुट्या भागांची कंसाविना लिहायची असते: निदलपुंजासमोर कंसात ५, दलपुंजासमोर नुसते ५, पुमंगासमोर कंसात अनंताचे चिन्ह, जायांगासमोर कंसात ५. दलपुंज आणि पुमंग चिकटलेले असल्याने त्यांच्यावर कमान काढावी, आणि अंडाशय ऊर्ध्वस्थ असल्याने जायांगाच्या अक्षराखाली रेघ द्यावी. पुष्पचित्र, म्हणजे फुलाच्या आडव्या छेदाची आकृती, काढताना मातृअक्षाचा, म्हणजे फूल ज्या फांदीवर येते तिचा, ठिपका वरच्या बाजूला न विसरता द्यावा.