शब्द पाठ होतात, पण वापरता येत नाहीत : आठवी ते दहावीसाठी इंग्रजी शब्दसंग्रहाची पद्धत

दहावीतल्या मुलाला ‘ऑब्झर्व्ह’चा अर्थ विचारला की ‘निरीक्षण करणे’ हे उत्तर तयार असतं. मग ‘ऑब्झर्व्ह अ फास्ट’ म्हणजे काय, असं विचारलं की तो गडबडतो. उपवासाचं निरीक्षण कसं करणार? खरं तर इथे ‘ऑब्झर्व्ह’ म्हणजे पाळणे. उपवास पाळतात, मौन पाळतात, तसंच. चूक मुलाच्या डोक्यात नाही, त्याच्या वहीत आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी शब्द आणि मधे बरोबरचं चिन्ह. ते चिन्ह बहुतेक वेळा खोटं बोलतं.

पुढची पद्धत मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातल्या, रोज अर्धा तास देऊ शकणाऱ्या मुलांसाठी आहे. इथे इंग्रजी शब्द देवनागरीत छापले आहेत. तुमच्या वहीत मात्र ते इंग्रजी अक्षरांतच लिहा, उच्चारसुद्धा देवनागरीत लिहून ठेवू नका. ‘वेस्ट’ असं लिहिलं की पश्चिम, कंबर, कचरा आणि बनियन हे चारही इंग्रजी शब्द एकाच वेषात येतात.

कोणते शब्द, किती शब्द

‘कठीण शब्द’ गोळा करण्याचा सोस आधी सोडा. इंग्रजीच्या अध्यापनाचे अभ्यासक मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सर्वांत उपयोगी अशा सुमारे २,००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. ते शब्द पक्के नसतील तर पुढचं सगळं वाळूवर बांधल्यासारखं. चाचणी सोपी आहे. एक इयत्ता खालचं इंग्रजीचं पुस्तक कुठेही उघडा. एका पानावर पाच-सहापेक्षा जास्त शब्द अडत असतील, तर आधी तीच पुस्तकं वाचून काढा. कमीपणा वाटून घेऊ नका, दोन महिन्यांत तो टप्पा पार होतो.

त्यानंतरच्या टप्प्यासाठी न्यूझीलंडच्या एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली केलेली ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ घ्यावी. ती इंटरनेटवर फुकट मिळते. वेस्ट यांच्या यादीतले शब्द वगळून, वेगवेगळ्या विषयांच्या अभ्यासाच्या लेखनात वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबं त्यात आहेत. कुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची भावंडं : ॲनालाइज, ॲनालिसिस, ॲनालिटिकल.

रोज चार नवे शब्द, आठवड्यातले पाच दिवस. म्हणजे आठवड्याला वीस. ५७० कुटुंबांना साधारण २९ आठवडे लागतात. जूनच्या मध्यावर सुरुवात केली आणि दिवाळीची सुट्टी सोडली, तरी जानेवारीअखेर यादी संपते. रोज वीस शब्दांचा संकल्प करणारे गणपतीपर्यंतच थकतात.

यादी वर्णक्रमाने उचलू नका. ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’, ‘सेन्सिबल’ आणि ‘सेन्सिटिव्ह’ अशा जुळ्यांना एकाच दिवशी भेटलात, तर ते कायमचे एकमेकांत मिसळतात. विरुद्धार्थी जोड्यांचंही तेच होतं. ‘इम्पोर्ट’ आणि ‘एक्स्पोर्ट’ एकत्र पाठ केलेल्या मुलाला आयात कुठली आणि निर्यात कुठली, हा प्रश्न पेपरातच पडतो. आधी एक पक्का होऊ द्या, दुसरा दोन आठवड्यांनी घ्या.

घरात असलेलं भांडवल

मराठी मुलगा इंग्रजीत शून्यापासून सुरू करत नाही. एसटीच्या पासावर ‘कन्सेशन’ मिळतं, ते ‘कन्सीड’ या क्रियापदापासून आलेलं. कन्सीड म्हणजे नमतं घेणे, समोरच्याचं म्हणणं मान्य करणे. दवाखान्यातून ‘डिस्चार्ज’ मिळतो, आणि पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेक विसर्ग सोडला ही बातमी येते, त्या विसर्गालाही इंग्रजीत ‘डिस्चार्ज’च म्हणतात. घरात दिवसभर बोलले जाणारे असे पन्नास शब्द लिहून काढा आणि प्रत्येकाचं दुसरं रूप किंवा दुसरा अर्थ शब्दकोशात शोधा. एक रविवार पुरतो. मात्र सावध राहा. ‘हॉटेल’ आपल्याकडे मिसळ खाण्याचं ठिकाण, इंग्रजीत मुक्कामाचं. ‘डाउट’ आपल्याकडे शंका विचारण्यापुरता, इंग्रजीत त्यात अविश्वासाची छटा असते.

सेमी-इंग्रजीवाल्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात तर खजिनाच आहे. ‘फ्रिक्शन’, ‘इनर्शिया’, ‘कॅटॅलिस्ट’, ‘सॅच्युरेटेड’ हे शब्द व्याख्येसकट तोंडपाठ असतात. तेच शब्द वर्तमानपत्रात माणसांना लागतात : दोन भागीदारांतलं फ्रिक्शन, सरकारी कारभाराचा इनर्शिया, बदलाला कॅटॅलिस्ट ठरलेली घटना. अर्थ बदललेला नसतो, वस्तूंवरून माणसांवर सरकलेला असतो.

संस्कृत घेतलेल्या मुलांना आणखी एक किल्ली मिळते. हृ धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात, हे त्यांना ठाऊक असतं. इंग्रजीतले लॅटिन मुळाचे शब्द असेच घडतात. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे. आत नेलं की इम्पोर्ट, बाहेर नेलं की एक्स्पोर्ट, पलीकडे नेलं की ट्रान्सपोर्ट, देशाबाहेर घालवलं की डिपोर्ट. (एकाच मुळाची घडण अशी एका बैठकीत समजून घ्यायला हरकत नाही, पाठ करताना मात्र वरचं पथ्य पाळा.) हे साम्य योगायोगाचं नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात, असं संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात मांडलं होतं. म्हणून ‘इग्नाइट’मध्ये अग्नी दिसतो, ‘डेंटल’मध्ये दंत, ‘मॉर्टल’मध्ये मर्त्य, ‘डोनेट’मध्ये दान आणि ‘सर्पंट’मध्ये चक्क सर्प.

पण मूळ ओळखलं म्हणजे अर्थ कळलाच, असं नाही. पेट्रोलच्या टँकरमागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. ‘इन’ म्हणजे नकार, म्हणून ‘न पेटणारे’ असा अर्थ कोणी काढला तर पंचाईत. तिथला ‘इन’ नकाराचा नाही, पेटवण्याच्या क्रियेचाच भाग आहे. मुळावरून अंदाज बांधा आणि शब्दकोशात खात्री करा, हाच क्रम ठेवा.

एक चिठ्ठी जवळून

ए-फोर कागदाचे आठ तुकडे करा. एका तुकड्यावर एकच शब्द. ‘सस्टेन’ घेऊ.

पुढच्या बाजूला शब्द लिहायचा नाही. तिथे गाळलेल्या जागेचं वाक्य हवं : ‘द ड्रायव्हर एस… मायनर इन्ज्युरीज.’ पहिलं अक्षर दिलेलं, बाकीची रिकामी जागा. शब्द समोर दिसला की अर्थ आठवतो, पण लिहिताना शब्द आठवावा लागतो. सराव त्याच दिशेने हवा.

मागच्या बाजूला शब्द, आणि ज्या अवयवावर (सिलेबलवर) जोर येतो त्याखाली रेघ. इथे दुसऱ्या अवयवावर, ‘टेन’वर. मग मराठी छटा, एक नाही, तीन : टिकवून धरणे, (इजा किंवा नुकसान) सोसणे, जगवणे. त्याखाली सोबती, म्हणजे या शब्दाच्या शेजारी नेहमी येणारे शब्द : इन्ज्युरीज, लॉसेस, ग्रोथ, इंटरेस्ट, एफर्ट. मग भावंडं : सस्टेन्ड, सस्टेनेबल, सस्टेनन्स. ‘शाश्वत विकास’ हा शब्द भूगोलात भेटला असेल, तोच ‘सस्टेनेबल डेव्हलपमेंट’. स्पेलिंगचा सापळाही टिपून ठेवा. ‘सस्टेन’मध्ये ‘ए’ आणि ‘आय’ आहेत, ‘सस्टेनन्स’मध्ये त्यांच्या जागी नुसता ‘ई’. ‘मेन्टेन’ आणि ‘मेन्टेनन्स’चंही हेच. सोसायटीच्या कितीतरी सूचनाफलकांवर ते चुकलेलं आढळतं.

मुळाला एक ओळ पुरे. लॅटिन ‘टेनेरे’ म्हणजे धरणे. ‘सस्टेन’ म्हणजे खालून तोलून धरणे. याच घरातले कंटेन, रिटेन, डिटेन, ऑब्टेन. ‘कंटेनर’ तर हायवेवर रोज दिसतो.

शेवटी स्वतःचं वाक्य. ते शब्दकोशातून उतरवू नका. ‘अवर टीम कुड नॉट सस्टेन द लीड आफ्टर हाफ-टाइम’ हे कबड्डीच्या सामन्यावरचं वाक्य लक्षात राहतं, कारण त्यात खरा सामना आहे. ‘ही कॅन सस्टेन’ हे वाक्य काहीच सांगत नाही. काय टिकवतो, काय सोसतो? कर्माशिवाय हे क्रियापद लंगडं पडतं.

अशा एका चिठ्ठीला पाच मिनिटं लागतात, म्हणजे चार शब्दांना वीस. शब्दकोश इंग्रजी-मराठी न घेता शिकणाऱ्यांसाठी केलेला, म्हणजे ‘लर्नर्स डिक्शनरी’ प्रकारचा घ्या. त्यात अर्थ सोप्या इंग्रजीत असतो, वाक्यं असतात आणि शब्दाचे सोबतीही. मोबाइलवर उच्चार ऐकता येतो. तो तीनदा ऐका आणि मोठ्याने म्हणा. आपण मराठीच्या सवयीने सगळे अवयव सारख्याच वजनाने उच्चारतो. ‘डेव्हलप’चा जोर मधल्या अवयवावर असतो. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर आधी, क्रियापद असेल तर नंतर.

खोका

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. शिकलेलं सगळ्यात झपाट्याने सुरुवातीलाच विसरतं, हे त्यातून दिसलं. म्हणून उजळणी आधी दाट आणि पुढे विरळ ठेवायची. जर्मनीत १९७०च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी त्यासाठी कप्प्यांचा खोका रूढ केला. बुटांचा रिकामा खोका घ्या, पुठ्ठ्याने पाच कप्पे पाडा.

पहिल्या कप्प्यातल्या चिठ्ठ्या रोज पाहायच्या, दुसऱ्यातल्या तीन दिवसांनी, तिसऱ्यातल्या आठवड्याने, चौथ्यातल्या पंधरा दिवसांनी, पाचव्यातल्या महिन्याने. बरोबर आली की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकली की थेट पहिल्यात. ‘बरोबर’ म्हणजे काय, ते आधीच ठरवा : शब्द आठवला, कागदावर स्पेलिंग अचूक उतरलं आणि एक सोबती सांगता आला. अर्धवट जमलं तर चिठ्ठी आहे तिथेच राहते.

गाडी रुळावर आली की रोज पंचवीसेक चिठ्ठ्या समोर येतात. एकीला वीस सेकंद धरले तर आठ-नऊ मिनिटं. चिठ्ठ्या चाळीसच्या वर जाऊ लागल्या तर दोन-तीन दिवस नवे शब्द बंद करा, पण उजळणी बंद करू नका. घटक चाचणीच्या आठवड्यातही हाच नियम.

एखादी चिठ्ठी चारदा पहिल्या कप्प्यात परत आली, तर स्मरणशक्तीला दोष न देता ती फाडून नव्याने लिहा. बहुतेक वेळा वाक्य मिळमिळीत असतं, किंवा तिचा एखादा जुळा खोक्यात आधीच बसलेला असतो.

सोबत्यांचं इतकं कौतुक का

साडी नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात, चष्मा लावतात. इंग्रजीत या सगळ्यांना ‘वेअर’ चालतं. मराठी शिकणारा परदेशी माणूस ‘फेटा नेसला’ म्हणाला की आपण हसतो, व्याकरण बरोबर असूनही. आपण ‘डू अ मिस्टेक’ लिहितो तेव्हा तीच गंमत उलट्या बाजूने होते. चूक ‘मेक’ करतात, गुन्हा ‘कमिट’ करतात, गृहपाठ ‘डू’ करतात, धोका ‘पोझ’ करतो. यामागे नियम शोधू नका, जोडीच पाठ करा. मराठीतून आलेली फाजील शब्दयोगी अव्ययंही इथेच पकडा. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही, ‘मॅरीड’नंतर ‘विथ’ नाही, ‘टू’ येतो, आणि ‘रिटर्न’ला ‘बॅक’ची गरज नसते.

समानार्थी शब्दांच्या लांबलचक याद्या हा तर शुद्ध अपव्यय. सडपातळ, किडकिडीत आणि हडकुळा हे एकच म्हणणाऱ्याला मराठी येत नाही. ‘स्लिम’, ‘स्किनी’ आणि ‘गॉन्ट’चंही तसंच. एका निबंधात यादीतले दोन-तीन शब्द नेमके बसले तर पुष्कळ. ‘कमेन्स’ हा शब्द कार्यक्रमपत्रिकेत शोभतो, मित्राला लिहिलेल्या पत्रात ‘स्टार्ट’च हवा.

वाचन आणि रविवारचा परिच्छेद

इंग्रजी पेपरचा अग्रलेख एकदम उघडू नका. आधी एखादी बातमी मराठी पेपरात वाचा, मग तीच इंग्रजीत. पुराच्या बातमीत पाणलोट क्षेत्र, सतर्कतेचा इशारा, सखल भाग हे आधी वाचलेलं असेल, तर ‘कॅचमेंट एरिया’, ‘अलर्ट’, ‘लो-लाइंग एरियाज’ आपोआप उलगडतात, शब्दकोशाची पायरीही चढावी लागत नाही. सलग वाचा, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने ठिपका द्या आणि पूर्ण झाल्यावर मागे या. दोनदा भेटलेला शब्दच चिठ्ठीच्या लायकीचा.

रविवारी आठवड्याच्या वीस शब्दांपैकी सहा निवडून शंभर शब्दांचा परिच्छेद लिहा. विषय आठवड्यातला असावा : बंद पडलेली बस, शाळेची सहल, हरलेला सामना. शब्द ओढूनताणून कोंबावा लागला तर तो वगळून दुसरा घ्या. लिहिलेलं शिक्षकांना दाखवताना ‘तपासा’ एवढंच म्हणू नका. त्या सहा शब्दांखाली रेघ मारा आणि ‘हा शब्द इथे बसतो का, आणि याच्या शेजारी हाच शब्द येतो का’, एवढे दोनच प्रश्न विचारा. पन्नास वह्यांच्या ढिगातही त्याचं उत्तर द्यायला त्यांना दोन मिनिटं पुरतात. जिथे नकार आला, ती चिठ्ठी त्याच संध्याकाळी पहिल्या कप्प्यात टाका.