गावच्या घराला टाइल्स बसवायच्यात? मिस्त्री ठरवायच्या आधी हे वाचा

गावचं घर दुरुस्तीला काढलं की छप्पर आणि भिंतींतच सगळा जीव जातो, लादीचं काम "बघू कोणीतरी" म्हणून मागे राहतं, आणि मग गणपती तोंडावर आले की मिळेल तो मिस्त्री पकडायचा. आम्ही हेच केलं. देवगडजवळ आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे, ऑगस्टमध्ये पडवीला टाइल्स बसवल्या, दिसायला एकदम झकास, आणि पुढच्या मोठ्या सरीत पाणी खळ्यात (पुढच्या अंगणात) जायचं सोडून सरळ ओटीकडे आलं. उतार उलटा! मिस्त्रीला फोन केला तर "येतंय, येतंय", ते दिवाळीपर्यंत चाललं.

वेळ आधी पकडा

नोव्हेंबर ते एप्रिल बेस्ट. मे महिन्यात सगळे चाकरमानी एकदम उतरतात, प्रत्येकाला काम तेव्हाच करून हवं असतं, त्यामुळे एक मिस्त्री तीन घरं धरतो आणि कुठेच धड नसतो. शिमग्याला गावातले गवंडी मिळत नाहीत, बाहेरच्या राज्यातली टीम असेल तर ती होळीला किंवा छठला गावी जाते, तर सुरुवातीलाच विचारून घ्या की मधे सुट्टी कधी आहे.

मिस्त्री कसा शोधायचा

टाइल्सचं दुकान नंबर देतं, घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. मिस्त्रीला सांगा, एक पावसाळा काढलेलं तुझं काम दाखव. नवीन काम सगळ्यांचंच चांगलं दिसतं हो. हॉल बघू नका, हॉल कोणीही बसवतो, बाथरूम आणि पडवी बघा. कोपऱ्यातले कट किती सरळ आहेत, जाळीकडे पाणी जातं की साचतं. खिशातलं नाणं काढून टाइलवर टकटक करायचं, भरीव आवाज आला तर ठीक, ढबढब वाजलं तर खाली पोकळ आहे, माल पूर्ण पसरलेला नाही, जड काही पडलं की तिथेच तडकणार. घरवाल्यांना विचारा, काम संपल्यावर हा परत आला होता का.

एक प्रश्न मी हमखास विचारतो: विट्रिफाइड टाइल पाण्यात भिजवायची का? भिंतीची साधी सिरॅमिक टाइल सिमेंटवर लावताना भिजवतात कारण ती पाणी पिते, विट्रिफाइड जवळजवळ पितच नाही (अर्ध्या टक्क्याच्या आत), म्हणून तिला साधं सिमेंट नीट धरत नाही, भिंतीवर तर अॅडेसिव्हच पाहिजे. जो म्हणेल "सगळं सिमेंटवर बसता, काय टेन्शन घेव नका" त्याला चहा पाजून पाठवा.

भाव ठरवताना

हजेरीवर देऊ नका, दिवस वाढत जातात. स्क्वेअर फुटावर उक्तं द्या. कोणी ब्रासवर सांगेल, १ ब्रास म्हणजे १०० स्क्वेअर फूट. तीन जणांना विचारा, पण नुसता आकडा विचारू नका, त्या आकड्यात काय काय येतं ते विचारा. स्कर्टिंगचा, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीचा, भाव रनिंग फुटावर (लांबीवर) वेगळा असतो. जुना कोबा कोण फोडणार, राबिट (तोडफोडीचा कचरा) कोण उचलणार, पायऱ्यांच्या कडा घासून देणार का, ग्राउट (टाइल्सच्या सांध्यांत भरतात तो माल) कोण आणणार. आणि आपल्याकडचं खास भांडण म्हणजे पाखाडी, म्हणजे घराकडे उतरणारी पायवाट! टेम्पो वरच्या रस्त्यावर थांबतो आणि घर खाली माडांत, मग ते सिमेंट आणि टाइल्सचे बॉक्स डोक्यावरून आणायची मजुरी कोणाची? आमच्याकडे यावरून अर्धा दिवस काम बंद होतं.

हे सगळं कागदावर लिहा, नाहीतर व्हॉट्सअपवर पाठवून त्याच्याकडून "ओके" घ्या. उचल १०-२० टक्क्यांच्या वर नको, पुढचे पैसे खोली पुरी होईल तसे, आणि थोडी रक्कम शेवटपर्यंत हातात ठेवा.

माल स्वतः घ्या

हिशोब सोपा आहे. १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० फूट, त्यात तोडफोडीचे १० टक्के धरले की १३२. दोन बाय दोनच्या ४ टाइल्सच्या बॉक्समध्ये साधारण १५.५ फूट येतं, म्हणजे ९ बॉक्स. सगळ्या बॉक्सवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे ना बघा, नंतर आणलेला बॉक्स हमखास वेगळा दिसतो. पडवी आणि बाथरूमला अँटीस्किडच, पावसात ओल्या पायांनी आरतीला माणसं येतात तेव्हा चकचकीत टाइलची मजा कळते. पांढरा ग्राउट नको, तांबड्या मातीत आठवड्यात गुलाबी होतो. खाडीची खारी वाळू स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, पुढे सांध्यांतून पांढरं मीठ फुटत राहतं.

काम चालू असताना

जोत्यातला भराव नवीन असेल तर पाणी मारून धुमसाने नीट ठोकून घ्या, वर कॉंक्रीट, मगच टाइल्स. भराव पुढे खचला की सगळ्यात चांगल्या मिस्त्रीची लादीसुद्धा बसते, त्यात त्याचा दोष नाही. दोन टाइल्सच्या मधे सारखी फट राहायला स्पेसर (प्लास्टिकचे छोटे तुकडे) लावायला सांगा आणि बसवल्यावर निदान २४ तास कोणी वर चालू नये, हे घरातल्या पोरांना सांगणं हे तुमचं काम.

उताराची लेव्हल टाइल चिकटवायच्या आधी तुमच्यासमोर काढून घ्या. पडवीला ८ फुटांना साधारण १ इंच उतार पुरतो. लाइन झाली की ग्राउट भरायच्या आधी, माल घट्ट झाल्यावर, कळशीभर पाणी ओता आणि बाजूला उभं राहून बघा.

आमची पडवी शेवटी नोव्हेंबरात दुसऱ्या मिस्त्रीने उखडून परत केली. पठ्ठ्याने आल्या आल्या टाइल्सना हातच लावला नाही, लेव्हल बघायला पाण्याची नळी काढून खांबांवर खुणा करत बसला. मी थोडे पैसे पावसापर्यंत ठेवले, सुरुवातीला कुरकुरला, मग म्हणाला चालेल. जूनमध्ये पहिला पाऊस लागला त्या संध्याकाळी त्याचाच फोन आला, "पाणी खंय जाता?" मी म्हटलं खळ्यात. लगेच गुगल पे केलं.